राणीला नाव कोणी दिलं

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच भडकली. छत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून टीव्ही बघते. राग दोन्हीकडे सारखाच येतो, फक्त टीव्हीला छडी दाखवता येत नाही.

ती फिलिपिन्सची मालिका घ्या. संध्याकाळी सातला लागते, माणसं त्यांची आणि आवाज आमच्या लुगांडा भाषेत. त्यातली श्रीमंत आई झोपेतून उठते तेव्हा ओठांना लाली. दवाखान्यात बेशुद्ध पडलेली असते तेव्हाही लाली. तिची हरवलेली मुलगी दोन वर्षं तिच्याच घरात भांडी घासतेय आणि बाईला पत्ता नाही. अगं, तुझं नाक त्या पोरीच्या तोंडावर आहे, बघ की जरा! भारताच्या मालिकेत सासू जिना उतरायला लागली की मी चुलीवर मटोके चढवते. ती शेवटच्या पायरीवर येईपर्यंत केळी शिजून, मळून, पानात बांधून तयार असतात. नायजेरियाच्या सिनेमात पहिला अर्धा तास मोटारी फाटकातून आत येतात, पुढचा अर्धा तास त्याच मोटारी बाहेर जातात, आणि शेवटी एक पाद्री येऊन सगळं निस्तरतो. अमेरिकेच्या सिनेमात कोणी ताट संपवत नाही. दोन घास खाल्ले की फोन वाजतो, आणि निघाला गडी जग वाचवायला. अन्न टाकून उठणाऱ्या माणसाच्या हाती जग द्यायला मी तयार नाही. आणि आपलंही काही कमी नाही. तो नवरा-बायकोला बोलावून भांडायला लावायचा कार्यक्रम! बाई हमसून हमसून रडतेय आणि लांब नखांची ती पोरगी विचारते, "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" कसं वाटणार, तुझं डोंबल?

ही सगळी मतं मी घरात भिंतींना सांगत बसले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मसाका रस्त्यावरच्या आमच्या नाक्यावर किगोंगोचा भोंगा आहे. उंच खांबावर चार कर्णे, चार दिशांना. कोण वारलं, कोणाची शेळी हरवली, लसीकरण कधी आहे, ते सगळं किगोंगो त्यावरून सांगतो. शनिवारी दुपारी चारला तो माईक माझ्या हातात द्यायचा. 'बाईंचं मत', दहा मिनिटं. चपात्या लाटणाऱ्या पोरी लाटणं थांबवायच्या, मोटारसायकलवाले इंजिन बंद करायचे. मी नावं ठेवलेल्या सिनेमाला हॉलमध्ये कुत्रं फिरकायचं नाही. याचा मला केवढा ताठा होता. आता सांगताना तोंड कडू होतं.

हॉल म्हणजे मुवांगाचा हॉल. पत्र्याची लांब शेड, खिडक्यांना काळं कापड, बारा बाकं आणि पुढे पडदा. पडद्याच्या बाजूला उंच स्टुलावर, आमच्याकडे तोंड करून, समोर छोटा टीव्ही आणि हातात माईक घेऊन मुवांगा बसतो. तो व्हीजे. परदेशी सिनेमा चालू असताना तो आपल्या भाषेत सांगत जातो. नुसतं सांगत नाही, वाढवतो, तिखटमीठ लावतो, रडवतो, हसवतो. चीनचा सरदार घोड्यावरून निघाला की मुवांगाच्या तोंडी तो मसाक्याच्या बाजाराला निघालेला असतो. आणि सगळ्यांना तो नाक्यावरच्या माणसांची नावं देतो. शूर शिपायाला मोटारसायकलवाल्या कातेंदेचं नाव, पळपुट्या राजाला पंचायतीच्या अध्यक्षांचं. अध्यक्ष स्वतः बाकावर बसून खो खो हसतात. ज्याचं नाव पडद्यावर आलं तो दोन दिवस छाती काढून हिंडतो. इथली ही रीतच आहे आणि कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. मुवांगा नावं द्यायचा ती फक्त पुरुषांना. बाई कितीही मोठी असो, राणी असो, तलवार चालवणारी असो, त्याच्या तोंडी ती नुसती 'ती बाई'. मे महिन्यात एका शनिवारी मी भोंग्यावर त्याला धारेवर धरलं. "काय रे मुवांगा," मी म्हटलं, "तुझ्या आईला नाव नव्हतं का? की बाप तिला 'ती बाई' म्हणून हाक मारायचा? आमच्या नाक्यावर बायका नाहीत? त्यांना चेहरे नाहीत? दे की त्यांनाही नावं!" चारी कर्ण्यांतून माझा आवाज गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या रात्री झोप फार छान लागली.

जूनमध्ये मुवांगाने एक सिनेमा आणला. जुना, चिनी. एका राजाला त्याची राणी रोज वाडग्यात कसली तरी पूड घालून रस्सा पाजते आणि राजा तिळातिळाने मरतो. सिनेमा म्हणून विचाराल तर भिकार. अडीच तास एकच वाडगा वर-खाली. राजाला एवढं कळू नये की रस्सा घेतल्यावरच पोटात का दुखतं? पण मुवांगाने जीव ओतून सांगितला. त्याचं नाव ठेवलं 'राणीचा रस्सा'. आणि राणीला नाव दिलं नांतोंगो.

नांतोंगो माझी शेजारीण. हॉलच्या समोर तिची खानावळ आहे. तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या रश्श्यासाठी ट्रकवाले मुद्दाम थांबायचे. मूलबाळ नाही. नवरा कायोंदो सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करायचा, आणि फेब्रुवारीत तो वारला. कुठे वारला? मुवांगाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारच्या खेळाला, तिसऱ्या बाकावर. सिनेमा संपला, दार उघडून उजेड आत आला, सगळे उठले, तो उठला नाही. लोकांना वाटलं डोळा लागलाय. हलवलं तर कलंडला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने लिहून दिलं की डोक्यातली शीर फुटली. शंभर माणसं होती हॉलमध्ये. मी स्वतः चौथ्या बाकावर, त्याच्या मागेच.

आता ऐका अक्कल. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा राणी वाडगा घेऊन आली की लोक हसून ओरडायचे, "नांतोंगो, आज काय शिजवलंस?" दुसऱ्या खेळाला ओरडले, पण हसणं कमी. तिसऱ्या खेळानंतर चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "कायोंदो गेला त्या दिवशी दुपारी घरूनच जेवून आला होता, नाही का?" अरे गाढवा, खानावळवालीचा नवरा आणखी कुठे जेवणार? पण झालं. आठवडाभरात एकाला आठवलं की कायोंदो मरायच्या आधी पोटाची तक्रार करायचा. दुसऱ्याला आठवलं की त्याची नखं काळी पडली होती. नखं काळीच असणार, दिवसभर चेनला ग्रीस लावायचा तो! जुलै उजाडला तोवर खानावळीत माणूस दिसेना. ट्रकवालेसुद्धा पुढच्या नाक्यावर थांबायला लागले.

एक दिवस भर जेवणाच्या वेळेला मी तिच्याकडे गेले. सहा टेबलं पुसून ठेवलेली, पातेल्यावर केळीची पानं झाकलेली, आणि नांतोंगो दाराकडे तोंड करून बसलेली.

"वाढ मला," मी म्हटलं.

"भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"मला त्या मुवांगाच्या मुस्काटात मारावंसं वाटतंय. भूक त्याने वाढते. वाढ."

तिने वाढलं. मी खाताना ती बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, महिनाअखेरीला माझा दीर मुत्याबा ओलुंबे उठवतोय."

माझा घास तोंडातच राहिला. ओलुंबे उठवणं म्हणजे घरात येऊन बसलेला मृत्यू बाहेर काढायचा विधी. कुळातले सगळे जमतात, वारस नेमतात, मेलेल्याचं काय कोणाकडे जायचं ते ठरतं, आणि मग मृत्यू संपला असं मानतात.

"मुत्याबाचा मुलगा वारस होणार, हे ठरलेलंच होतं," ती म्हणाली. "त्याला माझी ना नाही. पण मुत्याबा म्हणतोय की मी घर आणि खानावळ सोडून माहेरी जावं. कुळाच्या जमिनीवर विष कालवणारी नको. कायदा माझ्या बाजूचा आहे, मला ठाऊक आहे. पण कुळाने बोट दाखवल्यावर कायदा घेऊन मी इथे कोणाला जेवायला घालू?"

"विष? शंभर माणसांदेखत मेला तो!"

"मग त्या शंभरातलं एक तरी बोललं का?" ती आवाज न चढवता म्हणाली. "तुम्ही दर शनिवारी बोलता, बाई. राणीच्या सिनेमावरही बोललात. म्हणालात, लांबलाय. म्हणालात, राजा बावळट आहे. आणि म्हणालात, निदान आता बायकांना नावं तरी मिळाली."

ते मी बोलले होते. पहिल्या आठवड्यात, हसत हसत. मी ताट अर्ध्यावर ठेवून उठले. हात धुताना माझ्याच हाताला चावावं असं वाटत होतं.

त्या शनिवारी मी भोंग्यावर आग ओकली. म्हटलं, "तुम्ही माणसं आहात की मेंढरं? पडद्यावर चीनची राणी आहे, तिच्या अंगावर रेशीम आहे, आणि तुम्हाला तिच्यात आपली नांतोंगो दिसते? कायोंदो तुमच्या मांडीला मांडी लावून मेला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मुवांगाच्या जिभेवर विश्वास? लाज वाटू द्या!" दहाची वीस मिनिटं झाली, तरी किगोंगोने माईक काढून घेतला नाही. मी घामाघूम होऊन माईक खाली ठेवला तर सगळीकडे टाळ्या. चपातीवाली पोरगी म्हणाली, "बाई, आजचा कार्यक्रम सगळ्यात भारी झाला!" कातेंदे म्हणाला, "तुम्ही 'मेंढरं' म्हणालात ना, हसून हसून पोट दुखलं." आणि तोच कातेंदे माझ्यासमोरून नांतोंगोची खानावळ ओलांडून पलीकडच्या टपरीवर जेवायला गेला. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी यांना मत सांगत नव्हते, यांची करमणूक करत होते.

तिथून मी थेट हॉलवर गेले. खेळाला अवकाश होता. मुवांगा स्टुलाशी बसून माईकची वायर जोडत होता. धिप्पाड माणूस, पण माईक हातात नसला की त्याचा आवाज एवढासा येतो.

"या बाई. ऐकलं मी."

"ऐकलंस ना? मग आता सांग, राणीला तेच नाव का दिलंस?"

"तुम्हीच म्हणालात, बायकांना नावं दे."

"माझ्यावर ढकलू नकोस. नाक्यावर दीडशे बायका आहेत. माझं द्यायचंस. नाम्पीमा म्हणायचंस, मी मिरवलं असतं. जिचा नवरा याच हॉलमध्ये मेला तिचंच का?"

त्याने वायर खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तोंडात आलं."

"तोंडात आलं! उचलली जीभ लावली टाळ्याला! तिचं घर जातंय, कळतंय का तुला?"

"पुढच्या खेळाला नाव बदलतो."

"आता बदलून काय उपयोग? ऐक. ओलुंब्याला सूत्रसंचालनाला तुलाच बोलावलंय ना? तिथे उभा राहा आणि सांग की ते नाव गंमत होती, आणि कायोंदो तुझ्या डोळ्यांदेखत आपल्या मरणाने मेला."

"मी बोलत होतो बाई, त्या दिवशी. सिनेमा सांगत होतो."

"मग? डोळे काय भाड्याने दिले होतेस?"

तो पुन्हा वायर जोडायला लागला. माझ्याकडे बघेना. मी त्याला भेकड म्हटलं, आणखीही दोन-चार शब्द वापरले, जे मी वर्गात कधी वापरले नसते, आणि निघाले. ठरवलं, हा नाही तर मी. शंभर साक्षीदारांतली एक तर मी आहेच.

ओलुंब्याच्या दिवशी कायोंदोच्या अंगणात मांडव पडला. केळीची पानं, चटया, केळीच्या दारूचे भोपळे, कुळाची सत्तरएक माणसं आणि निम्मा नाका. मुत्याबाच्या मुलाच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र घातलं, हातात भाला दिला आणि तो वारस झाला. मुवांगा माईकवर सगळं सांगत होता, पण त्याच्यात जीव नव्हता. यादी वाचल्यासारखं चाललं होतं. मग कुळाचे वडील, जज्जा सेंपाला, काठी टेकत खुर्चीत पुढे सरकले. जज्जा म्हणजे आजोबा. ऐंशी पार केलेला माणूस, पण कान तिखट.

"विधवेचं ठरवायचं राहिलंय," ते म्हणाले. "मुत्याबा, बोल."

मुत्याबा उभा राहिला. कोट नवा होता. "जज्जा, मी माझ्या मनाचं बोलत नाही. नाका बोलतोय. जाहीरपणे हॉलमध्ये तीनतीनदा बोललं गेलं. माझा भाऊ घरचं जेवून गेला आणि परत आला नाही. या बाईने माहेरी जावं. आम्ही पोलिसांत जात नाही, हाच आमचा मोठेपणा."

"मोठेपणा!" मी ओरडलेच. "डॉक्टरचा कागद आहे!"

"डॉक्टर रोज तिच्याचकडे जेवायचा," मुत्याबा म्हणाला. बरीच डोकी हलली.

नांतोंगो चटईच्या टोकाला मान खाली घालून बसली होती. मी पुढे गेले. आमच्यात बाई वडीलधाऱ्यांपुढे बोलते ती गुडघे टेकून. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी टेकले.

"जज्जा, मी नाम्पीमा. यांतल्या निम्म्यांना मी अक्षरं शिकवली आहेत. कायोंदो गेला तेव्हा मी त्याच्या मागच्या बाकावर होते. तो आपल्या मरणाने गेला. विष नाही, काही नाही. मी साक्ष देते."

"बरं झालं बाई, तुम्ही आलात," जज्जा म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवाच होता. सांगा, त्याने पोट धरलं होतं की डोकं?"

मी तोंड उघडलं.

"तोंडाला फेस होता?"

मी आठवायला लागले. मला त्या दिवशीचा सिनेमा आठवत होता. दोरीचा पूल, खाली नदी, पुलाच्या या टोकाला बाप आणि त्या टोकाला मुलगा, दोघांना ठाऊक नाही की आपण एकमेकांचे कोण. मुवांगाचा आवाज चढत चाललेला. तो पूल मला दोर न् दोर आठवत होता. तिसरं बाक आठवत नव्हतं.

"डावीकडे पडला की उजवीकडे?" जज्जांचा आवाज कडक नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

खोटं बोलता आलं असतं. 'डोकं धरलं' एवढे दोन शब्द. तिचं घर वाचलं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा, आणि मुत्याबा काही मूर्ख नाही.

"जज्जा," मी म्हटलं, "मी पाहिलं नाही. मी पडद्याकडे बघत होते."

मुत्याबा हसला. तो हसला तसं माझं डोकं फिरलं. मी गुडघ्यांवरच मागे वळले. "कातेंदे, तू दुसऱ्या बाकावर होतास. तू पाहिलंस? अध्यक्ष, तुम्ही? चपातीवाली, तू? सांगा! महिनाभर टपरीवर तुम्हाला नखं आठवतात, पोटदुखी आठवते. तो पडला कसा ते सांगा!" कोणी वर बघेना. शंभर साक्षीदार, शंभर साक्षीदार म्हणून मी घसा कोरडा केला होता, आणि साक्षीदार एकही नव्हता. म्हणूनच तर राणीचा वाडगा त्या जागी इतका नीट बसला.

"मी पाहिलं," कोणीतरी म्हणालं.

आवाज एवढासा होता, म्हणून कोणाचा ते आधी कळलंच नाही. मुवांगा मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याने माईक बंद करून खुर्चीवर ठेवला होता.

"पुढे ये," जज्जा म्हणाले.

तो पुढे येऊन उभा राहिला. "माझं तोंड लोकांकडे असतं, जज्जा. मला सगळे दिसतात. पूल तुटायची वेळ आली होती. कायोंदोने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पोट नाही, डोकं. मग तो उठून उभा राहिला. झुलत होता. दाराकडे बघत होता, त्याला बाहेर जायचं होतं. मला वाटलं, थांबावं. पण हॉल भरलेला, सगळे श्वास रोखून बसलेले, माझं बोलणं रंगलेलं. मी बोलत राहिलो. सिनेमा संपायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत बोलत राहिलो."

जज्जांनी काठीने त्याला पुढे बोलायची खूण केली.

"मग त्या चिनी सिनेमात राजा तसाच डोकं धरून उठला," मुवांगा म्हणाला. "आणि माझ्या तोंडून कायोंदोच्या बायकोचं नाव निघालं. मुद्दाम नाही. निघालं. आणि लोक हसले, म्हणून मी ते चालू ठेवलं."

मुत्याबा काही बोलायला गेला. जज्जांनी काठी आडवी धरली. "जरा थांब. मुवांगा, तो उठला होता म्हणालास. उठलेला माणूस दाराबाहेर का नाही गेला?"

मुवांगाने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग जमिनीकडे. "मागून कोणीतरी ओरडलं, जज्जा. खाली बस म्हणून. आणि शर्टाला धरून खाली ओढलं. त्यानंतर तो उठला नाही."

"कोण?"

"अंधार होता," मुवांगा म्हणाला. "मला दिसलं नाही."

दिसलं होतं. त्याला दिसलं होतं आणि तो मला वाचवत होता, मी ज्याला भेकड म्हटलं तो माणूस. कारण पूल तुटायच्या वेळेला माझ्यासमोर एक पाठ आली होती, रुंद, घामाने भिजलेली, आणि मला बाप दिसेना की मुलगा. वर्गात ओरडते तशी मी ओरडले होते. शर्ट मुठीत धरून हिसका दिला होता. पाठ खाली गेली आणि पडदा मोकळा झाला. कोणाची पाठ, ते मी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर पाच महिने एकदासुद्धा ती माझ्या डोक्यात आली नव्हती. पडद्यासमोर येणाऱ्यांना मी नेहमीच खाली ओढते.

"मी," मी म्हटलं. "मी ओढलं, जज्जा. शर्ट माझ्या मुठीत होता."

जज्जा मुत्याबाकडे वळले. मग त्यांनी निकाल दिला. विधवा तिच्या घरात राहील, खानावळ तिची. वारसाने तिला आईसारखं वागवावं. विषाचं नाव कोणी काढलं तर त्याला कुळापुढे उभं राहावं लागेल. मुत्याबा खाली बसला. माझं आणि मुवांगाचं काय, ते जज्जांनी ठरवलं नाही. म्हणाले, "त्याचा निवाडा माझ्याकडे नाही," आणि काठीवर हनुवटी टेकली.

मला उठता येईना. नांतोंगोच चटईवरून उठून माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटत होतं. तिचे डोळे कोरडे होते.

"बाई, तुम्ही त्याला खाली बसवलंत तेव्हा तो काही म्हणाला का?" तिने विचारलं.

तो काहीतरी म्हणाला होता. मान थोडी मागे वळवून. तेवढ्यात पुलाचा दोर तुटला आणि मुवांगा मुलाच्या आवाजात किंचाळला, "बाबा, हात सोडू नका!" ते वाक्य मला अजून पाठ आहे, कायोंदोचं मी ऐकलंच नाही. नांतोंगोला तेवढंच सांगण्यासारखं माझ्याकडे होतं, आणि ते मी तिला सांगू शकले नाही.